वरच्यांची हिरवळ

बंदरावर त्यांना सगळे 'वरचे' म्हणत, आणि निवृत्त होऊन घरी आले तरी ते नाव काही खाली उतरलं नाही. गल्लीतही ते वरचेच राहिले. उभी नोकरी त्यांनी क्रेनच्या केबिनमध्ये काढली होती. तिथे पायाखाली जमीन नसते, काच असते. त्या काचेतून, दोन गुडघ्यांच्या मधून खाली बघायचं, दोन्ही हातांत दोन दांडे धरायचे आणि जहाजावरचा लोखंडी कंटेनर, ज्याला बंदरात नुसता 'डबा' म्हणत, ट्रकच्या पाठीवर असा टेकवायचा की ड्रायव्हरच्या पेल्यातला चहा डचमळू नये. काम अडलं की खालची माणसं मान वर करून हसायची, "आपल्या हातात काय आहे बाबा, सगळं वरच्याच्या हातात!"

असा माणूस जमिनीवर आला की काय होतं, ते त्यांच्या बायकोला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं. चहा ते उभ्यानं प्यायचे. वर्तमानपत्र एका खोलीत उघडायचे आणि दुसऱ्या खोलीत मिटायचे. गळत नसलेले नळ आवळून ठेवायचे, मग ते तिला उघडता यायचे नाहीत. टेबलाशी बसले की हात आपोआप पुढे यायचे, मुठी वळायच्या आणि नसलेले दांडे मागेपुढे व्हायचे. बायको एका पार्लरमध्ये केस कापायची, तिची नोकरी अजून चालू होती. ती संध्याकाळी दमून घरी यायची तो हे दारातच उभे, काहीतरी दाखवायला.

"अहो, कात्री माझ्या हातात, आणि रिकाम्या न्हाव्यासारख्या भिंतीला तुंबड्या लावताय तुम्ही," एक दिवस ती म्हणाली. "कशात तरी जीव गुंतवा. नाहीतर मला वेड लागेल."

म्हणून त्यांनी गवत लावलं.

घरापुढे जमिनीचा एक तुकडा होता. चाळीस फुटी डबा आडवा ठेवला तर दोन्ही बाजूंच्या कुंपणाला घासेल, एवढाच. वरच्यांनी तो खणला, दगड वेचले, माती चाळली, फळी फिरवून सपाट केली. रोपवाटिकेतून हिरवळीच्या गुंडाळ्या आणून सतरंजीसारख्या अंथरल्या. सांधे मिळेपर्यंत ते त्याला रोज दोन वेळा पाणी घालत आणि अनवाणी चालून कुठे पोकळ लागतंय का बघत. पायाखाली काच नाही, लोखंड नाही, काहीतरी मऊ आणि ओलं आहे, याची त्यांना सवय नव्हती. ते चालताना हळूच हसायचे. बायकोनं ते खिडकीतून पाहिलं.

पहिला डाग पडला तो कुंपणाच्या फटीजवळ. बशीएवढा, पिवळा, वाळून गेलेला, आणि त्याच्या भोवती गडद हिरव्या, तरारलेल्या गवताचं कडं. दोनच दिवसांत शेजारी दुसरा, मग तिसरा. वरच्यांना वाटलं रोग आहे. एक पेंडका उपटून ते रोपवाटिकेत घेऊन गेले. रोपवाटिकेवाल्यानं तो नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला.

"काका, रोगबिग काही नाही. कुत्र्याचं मूत आहे हे. मधोमध जोर जास्त होतो म्हणून जळतं, कडेला बेताचा होतो म्हणून पोसतं. खतच ते, पण अति झालेलं."

"मग उपाय काय?"

"कुत्र्यानं पाय खाली टेकला की वरून बादलीभर पाणी ओतायचं. पातळ झालं की काही होत नाही."

"म्हणजे मी दिवसभर बादली घेऊन बसू?"

"तुम्हाला दुसरं काय काम आहे?"

त्यानं हे भाबडेपणानं विचारलं होतं, पण वरच्यांना ते मिरचीसारखं झोंबलं. ज्या माणसाच्या एका इशाऱ्यावर जहाजं खोळंबायची, त्यानं कुत्र्यांच्या मागे बादली घेऊन फिरायचं? ते घरी आले ते लढाईच्या तयारीनंच.

गल्लीचा नियम असा की पुढच्या बाजूला गुडघ्यापेक्षा उंच कुंपण घालायचं नाही. तेव्हा उपाय शोधायचे ते कुंपण सोडून. त्यांनी व्हिनेगर शिंपडलं; कुत्री दोन दिवस आली नाहीत, पण जिथे शिंपडलं तिथलं गवत कुत्र्यांशिवायच जळालं. मग तिखट टाकलं. वारा उलटा फिरला आणि ते स्वतःच डोळे चोळत आत आले. संत्र्याच्या साली टाकल्या तर मुंग्यांची रांग लागली. कुणीतरी सांगितलं, रंगीत पाण्याच्या बाटल्या ठेवा, कुत्री बिचकतात. वरच्यांनी निळ्या पाण्याच्या बाटल्या कुंपणालगत शिस्तीत मांडल्या, बंदरातले डबे मांडावेत तशा. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मोकाट काळ्या कुत्र्यानं येऊन पहिली बाटली हुंगली, दुसरी हुंगली, आणि तिसरी आवडली म्हणून तिच्यावरच पाय वर केला.

बायको इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. "अहो, तुम्ही त्यांना जागा नेमून दिलीत! आता क्रमांक घाला बाटल्यांना."

वरचे हसले नाहीत. त्यांना जेवण गोड लागेना. घास हातात धरून ते खिडकीकडे बघायचे. पाय वाजले की उठायचे. लांबच्या गावाहून लेकीचा फोन यायचा, "बाबा, कसे आहात?" तर ते म्हणायचे, "आज दोन नवे पडले." तिला आधी वाटलं, दात पडले.

शेवटी त्यांनी खुर्ची गच्चीवर नेली. पाण्याच्या टाकीला टेकून बसलं की अख्खी गल्ली पायाखाली यायची. वर गेल्यावर त्यांना जरा बरं वाटलं, श्वास खालपर्यंत गेला. दोन-चार दिवसांतच त्यांना कुत्र्यांच्या वाटा कळल्या, जशा एकेकाळी ट्रकच्या कळायच्या. काळं मोकाट कुत्रं आलं की दोन पिवळी त्याच्या मागून त्याच जागी. आणि सगळ्यांच्या आधी, सकाळ-संध्याकाळ, चष्मेवाल्यांचा भुऱ्या.

चष्मेवाले म्हणजे चार घरं सोडून राहणारे गृहस्थ. चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ते आणि भुऱ्या दोघंच. भुऱ्या हा म्हातारा, तपकिरी, एक कान दुमडलेला कुत्रा. तो दोरीच्या टोकाला असा रेंगाळत चालायचा की कोण कुणाला फिरवतंय ते कळू नये. त्यानं खूण केली की बाकीची कुत्री तिच्यावर आपली खूण करायला येतात, हे वरच्यांनी गच्चीवरून ताडलं. म्हणजे मूळ हा. त्या संध्याकाळी ते फाटकात जाऊन उभे राहिले.

"जरा ऐकता का? तुमचा कुत्रा माझं गवत नासवतोय."

चष्मेवाल्यांनी चष्मा नाकावर सारखा केला. "माझा? छे. तो घरून करून निघतो."

हे वाक्य संपायच्या आत भुऱ्यानं कुंपणाच्या फटीत पाय वर केला.

"हे काय मग? गुलाबपाणी?"

"म्हातारा झालाय हो. तुम्हाला नाही का सारखं जावं लागत?"

"मी माझ्या घरात जातो! दुसऱ्याच्या अंगणात नाही!"

"मग बांधून ठेवू का त्याला? गवतच ते, उगवेल परत. गवतासाठी कोण भांडतं?"

"दोरी तुमच्या हातात आहे ना? की तुम्हीच त्याच्या दोरीला आहात?"

आवाज चढले. आसपासच्या खिडक्या उघडल्या. चष्मेवाले वळून चालायला लागले आणि जाता जाता म्हणाले, "वर बसून बसून माणुसकी वरच राहिली तुमची." वरच्यांना उत्तर सुचलं ते रात्री अंथरुणात, आणि तेही काही खास नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते खतं-बियाणांच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं काय पाहिजे, तर यांनी कुत्र्यांचं काही सांगितलंच नाही. गवताच्या मुळांना अळी लागलीय म्हणाले. दुकानदारानं दाणेदार औषधाचा पुडा काढून दिला. "कडक आहे. वास असा की जनावर फिरकणार नाही. पुड्यावर सगळं लिहिलंय, नीट वाचून टाका."

घरी येऊन त्यांनी पुडा हात लांब करून धरला. मोठी अक्षरं वाचता आली, बारीक अक्षरांच्या मुंग्या झाल्या. कोपऱ्यात विषाची लाल खूण होती. ती मात्र त्यांना दिसली. ती दिसली नव्हती, असं त्यांना पुढे स्वतःशीसुद्धा कधी म्हणता आलं नाही. त्यांनी कुंपणाच्या फटीपाशी मुठीनं दाणे टाकले, उरलेले हिरवळीवर उधळले, हात धुतले आणि गच्चीवर जाऊन बसले.

संध्याकाळी भुऱ्या आला. आज चष्मेवाल्यांनी त्याला रस्त्याच्या मधून नेलं, कालच्या भांडणाची लाज म्हणून असेल किंवा राग म्हणून. पण भुऱ्यानं ओढ घेतली आणि फट गाठली. त्यानं हुंगलं, बराच वेळ हुंगलं. मग वाकून काहीतरी चाटलं. वरचे खुर्चीतून अर्धे उठले. ओरडायला तोंड उघडलं होतं. बंदरात असं कितीदा झालं होतं: खाली कुणी चुकीच्या जागी उभं दिसलं की यांचा हात आपोआप भोंग्यावर जायचा. इथे भोंगा नव्हता. निदान त्यांनी स्वतःला तसं सांगितलं. तोवर चष्मेवाल्यांनी दोरी ओढली होती आणि दोघं पुढे गेले होते.

उजेड असेपर्यंत वरचे तिथेच बसून राहिले. मग गल्लीतल्या दिव्याच्या उजेडात त्यांना दिसलं, चष्मेवाले घरातून धावत बाहेर आले. कुत्रा दोन्ही हातांवर आडवा, मान लोंबत होती, पाय झटके देत होते. चष्मेवाल्यांच्या पायात एकच चप्पल होती.

वरचे खाली आले. त्यांनी परत हात धुतले. बायको आली तेव्हा ते न्हाणीघरातच होते.

"अहो, ऐकलंत का? चष्मेवाल्यांच्या भुऱ्याला काय झालंय बघा. तोंडाला फेस, नुसता थरथरतोय. चौकातल्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलाय. डॉक्टरलाही कळेना म्हणे, काय खाल्लं ते." ती बोलता बोलता थांबली. "तुम्ही असे का उभे आहात?"

"अगं, मी टाकलं."

"काय टाकलं?"

त्यांनी सांगितलं. ती ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "पुडा कुठाय?" तो फडताळातून काढला, त्यांच्या हातात कोंबला आणि दार उघडून धरलं.

"तू पण चल."

"मी नाही येणार. माझं काय काम तिथे? पळा."

आणि वरचे पळाले. कितीतरी वर्षांत ते पळाले नव्हते. केबिनमध्ये पळायला जागा कुठे होती! छाती भात्यासारखी वाजायला लागली, गुडघे भलतीकडेच पडायला लागले. चौकापर्यंतचा रस्ता गच्चीवरून वीतभर दिसायचा, तो संपता संपेना.

डॉक्टरच्या खोलीत टेबलावर भुऱ्या पडला होता. चष्मेवाले त्याचं डोकं धरून त्याच्या डोळ्यांत बघत होते. "बाहुल्या बघा डॉक्टर, टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. हे साधं नाही," असं ते म्हणत होते तेवढ्यात वरच्यांनी पुडा टेबलावर ठेवला.

"हे खाल्लंय त्यानं. माझ्या गवतातलं."

डॉक्टरबाईंनी पुडा उचलला, मागची बारीक अक्षरं झरझर वाचली आणि लगेच कपाटाकडे वळल्या. सुई भरली गेली, टोचली गेली. थोड्या वेळानं आणखी एक. वरचे भिंतीला चिकटून उभे होते. चष्मेवाल्यांनी एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"तुम्ही घरी जा," ते म्हणाले.

भुऱ्या वाचला. तीन-चार दिवस तिथेच राहिला, मग घरी आला. मागचा एक पाय जरा ओढत चालायला लागला, तो तसाच राहिला.

इकडे वरच्यांनी फावडं घेतलं आणि सगळी हिरवळ खरवडून काढली, मुळासकट, खालच्या मातीसकट. पालिकेच्या माणसांना विचारून, ते म्हणाले तशी जाड पोत्यांत बांधून त्यांच्या हवाली केली. घरापुढे नुसती उघडी माती राहिली. येणारे-जाणारे थांबून हळहळायचे. "काय हो, कुत्र्यांपायी एवढं सुंदर गवत गेलं!" एकानं तर फाटकात येऊन हळूच सांगितलं, "कुणीतरी त्या चष्मेवाल्यांच्या कुत्र्याला विष घातलं म्हणे. कोण असेल हो?"

तेव्हा वरच्यांच्या लक्षात आलं की चष्मेवाल्यांनी गल्लीत कुणालाच काही सांगितलेलं नाही.

हे त्यांना सहन होईना. चष्मेवाल्यांनी चार शिव्या दिल्या असत्या, दारात येऊन तमाशा केला असता, तर हिशोब मिटला असता. आता जीव नुसता टांगणीला लागला होता. ते गच्चीवर जायचे, लगेच खाली यायचे. अंगणातल्या मातीत फेऱ्या घालून त्यांनी पायवाट पाडली. बायको म्हणाली, "अहो, जाऊन या एकदा. असं किती दिवस घुमणार?"

"काय सांगून जाऊ?"

"तुम्हाला वाचता येत नाही जवळचं, ते सांगून जा. खोटं थोडंच आहे?"

दुकानात चष्मेवाले एकटेच होते. वरच्यांना बघून त्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली.

"डोळे तपासायचे होते," वरचे म्हणाले.

चष्मेवाल्यांनी खुर्चीकडे बोट केलं. यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवायला लावली. दोघांच्या तोंडांत वीतभर अंतर, एकाचा श्वास दुसऱ्याच्या गालाला लागतोय, आणि बोलणं फक्त "वर बघा", "खाली बघा" एवढंच. मग समोरचा तक्ता वाचायला सांगितला. वरच्यांनी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"लांबचं लख्ख आहे तुमचं," चष्मेवाले म्हणाले. त्यांनी एक पुठ्ठा हातात दिला. "हे वाचा."

वरच्यांनी पुठ्ठा लांब धरला, मग आणखी लांब. "नाही येत."

"कधीपासून येत नाही?"

"झाली काही वर्षं. तिकडे वर लागत नव्हतं जवळचं."

चष्मेवाले काचा पुसत राहिले. "पुड्यावर लिहिलं होतं सगळं. डॉक्टरबाईंनी मला दाखवलं. जनावरांना लांब ठेवा, मातीत मिसळा, वरून पाणी द्या."

"अक्षरं बारीक होती."

"मग माझ्याकडे यायचं होतंत. चार घरांवर राहतो मी."

"लाल खूण दिसली होती," वरचे म्हणाले. "ती मोठी असते. ती दिसली होती मला. आणि त्यानं चाटलं तेही वरून दिसलं होतं. मी हाक मारली नाही."

चष्मेवाल्यांनी एक काच चौकटीत बसवली, ती चौकट वरच्यांच्या नाकावर ठेवली आणि पुठ्ठा परत हातात दिला. "आता?"

"आता येतं."

"परवा घेऊन जा." ते वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "मला तुमचा राग गेलेला नाही. जाईल असंही सांगत नाही. पण तुम्ही पुडा घेऊन आला नसतात, तर भुऱ्या त्याच टेबलावर गेला असता. दोन्ही खरं आहे. आता मी काय करू त्याचं, सांगा."

वरच्यांनी चौकट नाकावरून उतरवून ठेवली आणि ते निघाले.

पुढे नवी माती आली, नवं बी पडलं. कुंपणाच्या फटीपाशी वरच्यांनी खडीचा एक पट्टा केला आणि त्यात लाकडाचा एक ओंडका रोवला. काळं मोकाट कुत्रं तिथे हक्कानं येतं, पिवळी त्याच्या मागून येतात. एखादं चुकून गवतावर गेलंच, तर वरचे झारी घेऊन मागे जातात आणि पाणी ओततात. गल्लीतली माणसं हसतात. ते हसू देतात. डाग पडतात, पण थोडे.

भुऱ्या मात्र येत नाही. चष्मेवाले त्याला घेऊन याच बाजूनं येतात, आता वरच्यांना बघून मानही हलवतात. पण वरच्यांचं कुंपण दिसायला लागलं की भुऱ्या थांबतो, चारही पाय रोवतो आणि मालकाला ओढत रस्त्याच्या पलीकडे नेतो. पाय ओढत, घाईनं. कोपरा ओलांडला की परत या बाजूला येतो. कुणीही न शिकवता हा त्याचा त्यानं नियम केला आहे.

एकेकाळी वरच्यांना एवढंच तर हवं होतं. आता संध्याकाळ झाली की त्यांना घरात चैन पडत नाही. ते फाटक उघडं ठेवतात, झारी भरून ठेवतात, उगाच खडी सारखी करतात. परवा बायको म्हणाली, "अहो, जनावर आहे ते. लागेल त्याला वेळ."

"किती?" त्यांनी विचारलं.

तिला काय माहीत! ती आत गेली. वरचे फाटकाबाहेर आले, रस्ता ओलांडून पलीकडच्या पदपथावर गेले आणि हात पाठीमागे बांधून, जरा बाजूला सरून, भुऱ्याला जायला जागा सोडून उभे राहिले.